आधी पिंजरा उचलला

अच्युत पाचपोरांनी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, आणि त्या नोकरीनं त्यांना एक खोड लावून दिली. कुठंही गेले की इथं काय बिघडू शकतं, ते आधी बघायचं. लग्नाच्या मांडवात शिरले की वायर कुठून गेली आहे ते पाहणार. कुणाच्या घरी चहाला बसले की सिलिंडरच्या नळीकडे नजर जाणार. "चूक एकाची असते आन् जीव तिसऱ्याचा जाते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

ते मूळचे पुलगावचे. बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. बायको कुसुम मात्र इथलीच, बूढ़ापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या दाणी घराण्यातली. तिचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आले होते. त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी तर होतीच, शिवाय गल्लीतल्या बायांकडून उचललेली छत्तीसगढीही होती. होकार द्यायचा तर ती 'हो' म्हणत नसे, 'हव' म्हणे. अच्युतरावांची आई असेपर्यंत त्यावरून तिला टोकायची. कुसुमताई हसून "हव आई" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

चौबे कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. मुलगी श्रावणी लग्न होऊन बंगळुरूला गेली, अच्युतराव रिटायर झाले, आणि दोघं दिवसभर समोरासमोर आले. बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. एक दिवस सदर बाजारातून भाजी-किराणा घेऊन येताना कुसुमताई एक पिंजराही घेऊन आल्या. आत दोन बजरी, म्हणजे चिमणीएवढे छोटे पोपट होते, एक पिवळी आणि एक निळा.

"हे काय घेऊन आली?" अच्युतराव म्हणाले.

"घरात कोनी तं बोललं पायजे," कुसुमताई म्हणाल्या.

निळ्याचं नाव त्यांनी निळोबा ठेवलं आणि पिवळीचं हळदी. हळदी फार दिवस राहिली नाही. पाखरं खोलीत मोकळी सोडलेली असताना अच्युतराव बाहेरून घामाघूम होऊन आले आणि सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला आणि हळदी त्याच वेळी कपाटावरून उडाली. पुढचं सांगण्यासारखं नाही. अच्युतराव कितीतरी वेळ बटणाजवळच उभे होते. कुसुमताईंनी त्या पाखराला जुन्या रुमालात गुंडाळलं आणि खाली बगिच्यात नेऊन पुरलं. नवऱ्याला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत.

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. कारण दुसऱ्या दिवसापासून अच्युतरावांनी पाखरांचा ताबाच घेतला. निळोबाला जोडीदार म्हणून हिरवी वेलची आणली, आणि तिच्याबरोबर घराला कायदा आणला.

पाखरं बाहेर असली की पंखा बंद. खिडकीची काच पाखराला दिसत नाही, म्हणून काचांना कागद चिकटवले. बाथरूममधल्या बादलीवर झाकण, संडासचं दार लावलेलं. मच्छर अगरबत्ती घरातून गेलीच, पण देवापुढची उदबत्तीही गेली. धुरानं पाखरांची छाती भरते असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून. कुसुमताई बंद दाराआड खोकत खोकत पोहे करायच्या. वैशाखात रायपूर भट्टीसारखं तापतं, तेव्हाही संध्याकाळी पाखरं सोडली की पंखा बंद व्हायचा. कुसुमताई पदरानं वारा घेत बसायच्या.

"थोडा वेळ पिंजऱ्यात राहू द्या ना त्यांना. मले घाबरल्यासारखं होते," त्या एकदा म्हणाल्या.

"त्यायचा उडायचा टाइम आहे हा. तू गच्चीवर जाऊन बस."

त्या गच्चीवर गेल्या.

कुसुमताईंचं ब्लड प्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. श्रावणीनं तिकडून एक नॉनस्टिक तवा पाठवला. अच्युतरावांनी तो पाहिला मात्र, कपाळाला आठ्या पडल्या. "हा तवा रिकामा तापला ना, तं त्याच्यातून जो वास निघते, त्यानं पाखरू पाच मिन्टात मरते. आपल्याले कळतबी नाही." तवा माळ्यावर गेला. कुसुमताई म्हणाल्या, "मंद आचेवर करीन, खिडकी उघडी ठेवीन." अच्युतराव म्हणाले, "नाही म्हनजे नाही." विषय संपला आणि लोखंडी तव्यावर तेलाची धार पुन्हा सुरू झाली.

हे सगळं करताना ते वाईट वागत होते असं त्यांना कधीच वाटलं नाही. निळोबा त्यांच्या खांद्यावर येऊन बसायचा, कुकरच्या शिटीची नक्कल करायचा. इतकी हुबेहूब, की कुसुमताई दोन शिट्ट्यांतच गॅस बंद करायच्या आणि डाळ कच्ची राहायची. तेव्हा दोघंही हसायचे. घर सुरक्षित होतं, त्यात हसू होतं, आणखी काय पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

पौषातली ती सकाळ थंड होती. पाखरांना गार वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. अच्युतराव आंघोळीला निघाले, तेव्हा कुसुमताई मुगाचं पीठ भिजवत होत्या. "धिरडी करून राहिली, लवकर या," असं त्यांनी म्हटलेलं अच्युतरावांनी ऐकलं. ते आत गेले आणि कुसुमताईंनी स्टुलावर चढून माळ्यावरचा तवा काढला. तेलाशिवाय धिरडी खायची, नवरा बाहेर यायच्या आत तवा धुऊन परत ठेवायचा, एवढाच त्यांचा बेत असावा.

अच्युतराव अंग पुसत बाहेर आले. हॉलमध्ये काहीतरी टप्पकन पडल्याचा आवाज झाला. पिंजऱ्याकडे पाहतात तर निळोबा तळाशी पडलेला, पाय वर. वेलची गजाला धरून चोच उघडी टाकून श्वास ओढत होती, शेपूट वरखाली हलत होतं. हवेत एक तिखट, प्लास्टिक जळल्यासारखा वास होता.

ते धावले. आधी पिंजरा उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. मग स्वयंपाकघरात शिरले. गॅस मोठा होता, तव्यातून धूर निघत होता. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ओट्याला टेकून कुसुमताई खाली जमिनीवर बसल्या होत्या. पातेलं कलंडून पीठ सांडलं होतं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"मारलं ना त्याले!" अच्युतराव ओरडले. "किती वेळा सांगतलं तुले? किती वेळा? माळ्यावरून चोरून काढला? चार धिरड्यांसाठी जीव घेतला!"

कुसुमताईंनी डावा हात थोडा वर उचलला आणि तोंडातून काही अस्पष्ट निघालं. अच्युतरावांना वाटलं, रडतेय.

"आता रडून काय होते? बस तशीच."

त्यांनी निळोबाला पिंजऱ्यातून काढलं. तो गेलेला होता. वेलचीला जोड्याच्या खोक्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली, पायात चप्पल सरकवली. हवा खेळावी म्हणून बाहेरचं दार सताड उघडं ठेवलं आणि जिना उतरले.

पाखरांचे डॉक्टर साहू बूढ़ा तालाबाजवळ बसत. तरुण माणूस. त्यांनी वेलचीला काचेच्या पेटीत ठेवून ऑक्सिजन लावला आणि अच्युतरावांना विचारलं, काय झालं. अच्युतरावांनी सगळं सांगितलं, तवा, आच, बंद खिडक्या. घटना कशी घडली याचा अहवाल द्यायची सवयच होती त्यांना. डॉक्टर ऐकत होते.

"और घर में कौन था अंकल?"

"मिसेस."

"वो ठीक हैं? चक्कर, खाँसी, कुछ?"

अच्युतरावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला माहीत नाही. त्यांना तव्याचा रंग आठवत होता. निळोबाचे मिटलेले पाय आठवत होते. कुसुमचा चेहरा आठवेना. तो त्यांनी पाहिलाच नव्हता. डावा हात वर आला होता तो दिसला. उजवा मांडीवर उताणा पडला होता, त्यावर पीठ सांडलं होतं, आणि तिनं ते पुसलं नव्हतं. कपड्याला शिंतोडा लागला तरी लगेच धुवायला उठणारी बाई ती.

त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग खालच्या मजल्यावरच्या पायलला लावला. "बेटा, ज़रा ऊपर जाके देखो ना. आंटी फोन नहीं उठा रही. दरवाज़ा खुला है."

फोन चालूच होता. पायलच्या पायांचा आवाज आला, मग "आंटी? आंटी!" आणि मग ती किंचाळलीच. "अंकल, इनका मुँह टेढ़ा हो गया है! बोल नहीं पा रहीं! आप कहाँ हो?"

आपण कुठं आहोत, हे अच्युतरावांना सांगता आलं नाही.

पायलनं आणि चौकीदार शंकरनं कुसुमताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं आणि पायलच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. अच्युतराव ऑटोनं तिथं पोचले. स्कूटर आणि वेलची डॉक्टर साहूंकडेच राहिली. तपासणी चालू होती. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"लकवा है. दिमाग की नस में क्लॉट है. इंजेक्शन दे सकते हैं, लेकिन टाइम बहुत ज़रूरी है. आख़िरी बार आपने इनको एकदम ठीक कब देखा?"

"मैं नहाने गया था... उसके बाद..."

"नहाकर निकले तब ठीक थीं?"

"नीचे बैठी थी."

"बात कर रही थीं?"

"मैं बात कर रहा था," अच्युतराव म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. कुसुमताई धिरड्यांचं बोलल्या, ती वेळ अच्युतरावांनी सांगितली आणि ती धरून बाईंनी हिशेब केला. वेळ अजून हातात होता, पण बराचसा गेला होता. इंजेक्शन दिलं गेलं. तवा गॅसवर ठेवल्यावरच कुसुमताई कोसळल्या असाव्यात, म्हणून तो रिकामा तापत राहिला होता.

संध्याकाळच्या विमानानं श्रावणी आली. पायलकडून तिला सगळं कळलंच होतं. आयसीयूच्या बाहेर ती वडिलांसमोर उभी राहिली. घरात तिच्याशी मराठीतच बोलायचे, पण ती लहानपणापासून हिंदीतच उत्तर द्यायची.

"पापा, आप मम्मी को ज़मीन पे छोड़ के चिड़िया को लेके गए?"

"मले समजलं नाही श्रावणी."

"देखा नहीं, या समझे नहीं?"

ते भिंतीला टेकून उभे राहिले. श्रावणी आत गेली.

कुसुमताई वाचल्या. पाय बराच सुधारला. उजवा हात मात्र जड राहिला आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे, एक शब्द सोडून सगळं गेलं. तो शब्द होता 'हव'. डॉक्टर म्हणाले, असं होतं. लहानपणी खोल रुजलेला एखादा शब्द तेवढा राहतो. पाणी पाहिजे? हव. दुखतंय का? हव. श्रावणी आली आहे, ओळखलं? हव. आणि ओळखलं नसतं तरी हवच म्हणाल्या असत्या.

एकदा खोलीत कुणी नसताना अच्युतराव पलंगाजवळ वाकले. "कुसुम, तुले राग आला माझा?"

"हव," कुसुमताई छताकडे पाहत म्हणाल्या.

तो राग होता की नुसता शब्द, ते कळायला मार्ग नव्हता. अच्युतरावांनी पुन्हा विचारायची हिंमत केली नाही.

कुसुमताई घरी यायच्या आधी अच्युतरावांनी घर बदललं. तवा फेकला. काचांवरचे कागद खरवडून काढले. देवापुढं उदबत्तीचं घर परत ठेवलं. आणि वेलचीला घेऊन ते जुने सहकारी बंडूभाऊ यांच्याकडे गेले. बंडूभाऊंच्या बूढ़ापाऱ्यातल्या घराच्या गच्चीवर मोठा जाळीचा पिंजरा होता, त्यात वीसपंचवीस पाखरं होती.

"ठेवून घे हिले. मले आता पाहवत नाही," अच्युतराव म्हणाले.

"वहिनीले इचारलं?"

"तिले काय इचारू? तिचे हाल हिच्यापायीच झाले."

बंडूभाऊंनी खांदे उडवले आणि वेलचीला आत सोडलं. परत येताना अच्युतरावांना प्रायश्चित्त घेतल्यासारखं हलकं वाटलं.

कुसुमताई घरी आल्या. श्रावणीच्या खांद्याचा आधार घेत, पाय ओढत, हॉलमध्ये शिरल्या आणि थांबल्या. पिंजरा टांगायचा हुक रिकामा होता. त्यांनी गॅलरीकडे पाहिलं, मग अच्युतरावांकडे.

"हव?" त्या म्हणाल्या. स्वर प्रश्नाचा होता.

"निळोबा गेला कुसुम. त्याच दिवशी गेला," अच्युतराव हळू आवाजात म्हणाले.

कुसुमताईंनी मान हलवली. ते माहीत आहे, असं. डाव्या हाताचं एक बोट वर केलं. दुसरी?

"वेलची बंडूकडे देली. बरी आहे. आता या घरात पाखरू नाही, कायदा नाही, काही नाही. तू मोकळी."

कुसुमताईंचा चेहरा अर्धाच हलत होता, पण त्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून श्रावणी घाबरली. संध्याकाळी त्यांनी तोंडाजवळ नेलेला घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही अच्युतरावांच्या हातून काही खाल्लं नाही. श्रावणीच्या हातून चार घास घेतले. स्पीच थेरपीवाली मुलगी आली, तिच्यासमोर तोंड मिटून बसल्या.

अच्युतराव वैतागले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "तुझ्यासाठीच तं सगळं काढलं ना मी! अजून काय करू?"

कुसुमताईंनी ओठ हलवले. आवाज अडकला. गळ्याच्या शिरा ताठल्या. श्रावणी पुढं झाली, तिला त्यांनी डाव्या हातानं मागं सारलं.

"म... मले," त्या म्हणाल्या. "मले... नाई... विचारलं."

आजारपणानंतरचं त्यांचं ते पहिलं वाक्य. श्रावणीनं तोंडावर हात धरला. थेरपीवाली मुलगी टाळ्या वाजवायला निघाली होती, पण नवरा-बायकोचे चेहरे पाहून तिचे हात तसेच राहिले. कुसुमताईंनी हुकाकडे बोट केलं, मग पंख्याकडे, काचांकडे, माळ्याकडे, देवाच्या फळीकडे. पुन्हा म्हणाल्या, "नाई विचारलं." आणि दमून मागं टेकल्या.

अच्युतराव खुर्चीत बसले. पिंजरा घरात कुणी आणला होता, ते त्यांना आठवलं. दिवसभर त्या पाखरांशी कोण बोलायचं, तेही. ते पेपर वाचत असताना, बँकेत, बाजारात गेलेले असताना, कांदे चिरता चिरता निळोबाला आणि वेलचीला बूढ़ापाऱ्यातल्या गोष्टी सांगणारी बाई ही होती. कायदे त्यांचे होते. पाखरं तिची होती. त्यांनी पाखरं ताब्यात घेतली तेव्हा विचारलं नाही, आणि दिली तेव्हाही विचारलं नाही.

त्याच दिवशी ते बंडूभाऊंकडून वेलचीला परत घेऊन आले. पिंजरा पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला. वेलची कोपऱ्यात पिसं फुगवून बसली. तिलाही छातीचा त्रास राहिला होता, उडाली की धाप लागायची. कुसुमताईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी त्यांनी भात खाल्ला, पण श्रावणीच्याच हातून.

श्रावणी महिन्याभरानं परत गेली. जाताना आईला मिठी मारली, वडिलांच्या पाया पडली, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. मग घरात दोघंच राहिले. अच्युतराव वरण-भात करायला शिकले. औषधं देत, हाताचे व्यायाम करून घेत. कुसुमताईंचे शब्द एकेक करून येत होते, काही मराठी, काही हिंदी, काही छत्तीसगढी, जो सापडेल तो.

होळीच्या आसपास एका दुपारी अच्युतराव त्यांच्या बोटांना तेल लावत होते. कुसुमताई अचानक म्हणाल्या, "मी... बोलावलं."

"कोनाले?"

"तुमाले. आवाज... नाई निंगला." त्या थांबल्या. शब्द शोधला. "चप्पल वाजली. खाली... खाली गेली. मी ऐकून राहिली होती."

अच्युतरावांचा हात थांबला. इतके दिवस त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की तिला त्या वेळचं काही आठवत नसेल. डॉक्टरही तसंच म्हणाले होते.

"भेव लागला," कुसुमताई म्हणाल्या. "वाटलं... येत नाई आता."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजव्यातूनही आलं. अच्युतरावांनी तेलकट हातानंच त्यांचा हात घट्ट धरला. "मले माफ कर कुसुम. मी पाह्यलंच नाही तुझ्याकडे. माफ करशील?"

आधी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या कुसुमताईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"नाई," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "आता नाई."

हात मात्र त्यांनी काढून घेतला नाही. अच्युतराव बोटांना तेल लावत राहिले.

चैत्र लागला. डॉक्टर साहू म्हणाले, एकटं पाखरू झुरतं, वेलचीला सोबत पाहिजे. अच्युतरावांनी घरी येऊन तसंच सांगितलं आणि पुढचं कुसुमताईंवर सोडलं. कुसुमताईंनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाल्या, "बंडूकडे. मी येते."

दोन मजले उतरायला त्यांना फार वेळ लागला. अच्युतराव एक छोटा रिकामा पिंजरा घेऊन एक पायरी पुढं होते, पडल्या तर आपल्या अंगावर पडाव्यात म्हणून. ऑटोनं बूढ़ापाऱ्यात पोचले. बंडूभाऊंच्या गच्चीचा जिना त्या बसत बसत चढल्या. लहानपणीची गल्ली वरून दिसत होती, तिकडे पाहून थोड्या हसल्या.

जाळीत पाखरं कलकलत होती. बंडूभाऊंनी बाही सारली. "बोल अच्युत, कोनता काढू? हा निळा पाहाय, तुमच्या त्याच्यासारखाच आहे."

"तिले विचार," अच्युतराव म्हणाले.

कुसुमताई जाळीला डावा हात लावून उभ्या राहिल्या. निळं पाखरू जवळ आलं, बोट टोचून गेलं. त्यांनी बरंच पाहिलं. बंडूभाऊंची बायको चहा घेऊन आली, तो प्यायला, तिला तुटक शब्दांत माहेरच्या चार लोकांची खबर विचारली. ऊन चढायला लागलं. अच्युतरावांच्या जिभेवर किती वेळा आलं, की तो पांढरा घे, तो तगडा दिसतो, याचे डोळे स्वच्छ आहेत. त्यांनी ते गिळलं.

"वहिनी, मंग?" बंडूभाऊंनी विचारलं.

"आज नाई," कुसुमताई म्हणाल्या.

बंडूभाऊ अच्युतरावांकडे पाहायला लागले. इतक्या दूर, अशा पायानं, अशा उन्हात येऊन आज नाही म्हणजे काय, असं त्यांच्या नजरेत होतं. अच्युतरावांनाही तेच वाटलं. त्यांनी खाली ठेवलेला पिंजरा उचलला आणि दुसरा हात जिन्याच्या तोंडाशी कुसुमताईंपुढं धरला. त्यांनी तो धरला नाही, कठडा धरला, आणि हळूहळू उतरायला लागल्या.

ऑटोत बसल्यावर त्या तलावाकडे पाहत होत्या. अच्युतराव मांडीवर रिकामा पिंजरा धरून बसले होते. घर जवळ आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरवारी... पुन्हा जाऊ."

"जाऊ," अच्युतराव म्हणाले.